मुलांच्या फोनवर लक्ष ठेवा, पण त्यांच्या देखत

इन्स्टाग्रामवर एका अनोळखी खात्याकडून फॉलो रिक्वेस्ट येते. खात्यावर साधारण त्याच वयाच्या मुलीचे फोटो असतात, शाळेतले दोघं-तिघं तिला आधीच फॉलो करत असतात. दोन दिवस गप्पा होतात, मग व्हॉट्सॲप नंबर मागितला जातो, मग रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे आधीच तयार असलेली क्लिप चालू असते आणि इकडच्या मुलाचा चेहरा, अंग, सगळं रेकॉर्ड होत असतं. कॉल संपून पाच मिनिटं होत नाहीत तोच तो व्हिडिओ त्यालाच येतो. सोबत त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट: मामा, मावसबहीण, क्लासचे सर. 'दहा मिनिटांत पाच हजार पाठव, नाहीतर सगळ्यांना जाईल.'

त्या क्षणी ते पंधरा वर्षांचं मूल शेजारच्या खोलीत जाऊन आईला उठवतं की नाही, यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं. उठवलं, तर प्रकरण आटोक्यात आणायला वाव असतो. नाही उठवलं, तर आधी साठवलेल्या पैशांतून, मग आईच्या फोनमधल्या यूपीआयवरून, मग मित्राकडून उसने घेऊन पैसे जात राहतात. आणि पैसे दिले म्हणून मागणी थांबत नाही, उलट वाढते. हा देतो, हे समोरच्याला कळलेलं असतं. धमकी देणाऱ्याचा सगळा जोर 'घरी कळेल' या एका भीतीवर असतो. ती भीती त्याला पैदा करावी लागत नाही. ती घरात आधीपासून तयार असते.

म्हणून किशोरवयीन मुलाच्या फोनबाबत कोणताही नियम करताना, कोणतंही ॲप टाकताना एकच कसोटी लावावी असं माझं ठाम मत आहे: यामुळे अडचणीत सापडलेलं मूल आपल्याकडे यायची शक्यता वाढते की कमी होते? वेळेची मर्यादा या कसोटीला उतरते, रात्री फोन हॉलमध्ये ठेवणं उतरतं, पैशांच्या व्यवहारावरचं कुलूप उतरतं. चोरून मेसेज वाचणं उतरत नाही.

चोरून वाचण्याच्या प्रचलित पद्धती दोन. पहिली म्हणजे मुलाचा फोन दोन मिनिटं हाती लागला की त्याचं व्हॉट्सॲप आपल्या लॅपटॉपला किंवा दुसऱ्या फोनला जोडून ठेवणं. हे फार दिवस टिकत नाही. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडलं की कोणतं उपकरण जोडलेलं आहे आणि ते शेवटचं कधी चालू होतं, हे लिहिलेलंच असतं. नववीतल्या मुलांना ते कुठे बघायचं हे ठाऊक असतं. सापडल्यावर मूल भांडतंच असं नाही. बऱ्याचदा ते काहीच बोलत नाही. घरच्यांनी वाचावं एवढ्यापुरतं व्हॉट्सॲप चालू ठेवतं, क्लासचा ग्रुप आणि आजीचे सुप्रभात, आणि खरं बोलणं स्नॅपचॅटवर, एखाद्या गेमच्या चॅटमध्ये किंवा चोवीस तासांत आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेसेजमध्ये नेतं. पालक रोज वाचत राहतात आणि सगळं ठीक आहे असं समजत राहतात. काहीच न वाचणाऱ्या पालकाला निदान आपल्याला माहिती नाही याची जाणीव असते. यांना तीही राहत नाही.

दुसरी पद्धत लपून चालणाऱ्या स्पाय ॲपची. मुलाला कळू न देता सगळं दाखवणारी ही ॲप्स प्ले स्टोअरच्या नियमांत बसत नाहीत, म्हणून कंपनीच्या वेबसाइटवरून ॲप बसवायची फाइल (एपीके) उतरवावी लागते. बसवताना ती आधी फोनमधली घातक ॲप्स शोधणारं गुगलचं प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतात, मग 'ॲक्सेसिबिलिटी', 'नोटिफिकेशन ॲक्सेस' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या तीन परवानग्या मागतात. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली की पडद्यावर दिसणारा आणि टाइप होणारा जवळजवळ सगळा मजकूर त्या ॲपला वाचता येतो. त्या फोनवर बँकेचे ओटीपी येत असतील तर तेही त्यात आले. हा सगळा ऐवज, मुलांचे खासगी फोटो धरून, कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडतो. अशा कंपन्यांची माहिती बाहेर फुटल्याचे प्रकार एकदा नाही, अनेकदा झाले आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये 'स्पायफोन' या कंपनीवर आणि तिच्या प्रमुखावर पाळतीच्या धंद्यात राहण्यालाच बंदी घातली, त्यामागे गुपचूप माहिती गोळा करणं आणि ती नीट न सांभाळणं ही दोन्ही कारणं होती. म्हणजे मुलाला अनोळखी माणसांपासून वाचवायला पालक स्वतःच मुलाचा सगळा फोन अनोळखी माणसांच्या हवाली करतात. शिवाय प्ले प्रोटेक्ट बंद झालेल्या फोनवर बाकीची घातक ॲप्सही सहज शिरतात. फोन विनाकारण तापू लागला, बॅटरी दुपारीच संपू लागली की मूल शोध घेतं, आणि सापडतंच.

आणखी एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मुलाच्या फोनमध्ये फक्त आपल्या मुलाचंच आयुष्य नसतं. मैत्रिणीने तिच्या घरातली भांडणं लिहिलेली असतात, कुणी आजारपण सांगितलेलं असतं, कुणी आपण कोणावर प्रेम करतो हे पहिल्यांदाच कोणाला तरी लिहिलेलं असतं. ते वाचण्याची परवानगी त्या मुलांनी दिलेली नाही, आणि आपलं त्यांच्यावर पालकत्वही नाही. वाचलेलं पोटात राहत नाही. सोसायटीत, भिशीत, त्या मुलीच्या आईशी बोलताना निसटतं. मग आपल्या मुलीला वर्गात कोणी काही सांगेनासं होतं आणि ती एकटी पडते.

यावर येणारा सगळ्यात जोरकस आक्षेप असा: मुलाच्या जिवावर बेतलं तर खासगीपण काय चाटायचंय? हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. जिवाचा प्रश्न असेल तेव्हा फोन उघडावाच, त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते. पण रोजच्या रोज वाचणारा पालक खरा धोका ओळखण्यात पटाईत होतो, असं होत नाही. पंधरा वर्षांच्या मुलांच्या बोलण्यात शिव्या असतात, 'मरतो आता' असतं, फुशारक्या असतात. त्या ढिगात पालक पहिल्याच आठवड्यात एका शिवीवरून किंवा एका मुलीच्या नावावरून फटकारतो, आणि आपण वाचतोय हे उघडं पाडतो. त्यानंतर खरोखरचा धोका आला तरी तो त्या फोनवर दिसत नाही.

मग लक्ष कशावर ठेवायचं? वेळ, पैसा, नवीन ॲप्स, अनोळखी संपर्क आणि रात्र. या पाचही गोष्टींवर मुलाला दिसेल अशा पद्धतीने, एकही मेसेज न वाचता लक्ष ठेवता येतं.

सुरुवात जन्मतारखेपासून करावी लागते. आपल्याकडे मुलाच्या फोनमध्ये सर्रास वडिलांचं गुगल खातं असतं, नाहीतर ॲप अडवतं म्हणून जन्मसाल २००० टाकून बनवलेलं खातं. मग यूट्यूब, इन्स्टाग्राम, प्ले स्टोअर सगळ्यांच्या लेखी वापरणारा प्रौढ असतो, आणि अल्पवयीनांसाठी केलेलं एकही संरक्षण त्याला लागू होत नाही. पुढचं काहीही करण्याआधी मुलाच्या खऱ्या जन्मतारखेचं स्वतंत्र खातं करा आणि जुनं खातं त्या फोनमधून काढा. काही जुने गेम आणि त्यातली पातळी जाईल, त्यावरून घरात रुसवा होईल. तो सहन करावा.

अँड्रॉइड फोनसाठी गुगलचं 'फॅमिली लिंक' फुकट आहे आणि बहुतेक घरांना पुरेसं आहे. पालकाने ते आपल्या फोनवर घ्यायचं. मुलाच्या फोनवर सेटिंग्ज, मग गुगल, मग 'पॅरेंटल कंट्रोल्स' असं जाऊन दोन्ही खाती जोडायची. काही फोनांत हा पर्याय 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये असतो. तेरा वर्षांवरच्या मुलाच्या आधीपासूनच्या खात्यावर देखरेख लावताना मुलाची संमती मागितली जाते, आणि हीच त्याची चांगली बाजू आहे: दोघांनी शेजारी बसल्याशिवाय ते नीट लागत नाही. त्यातून रोजची वेळमर्यादा, रात्रीची बंदवेळ, ॲपनिहाय मर्यादा, नवीन ॲपला परवानगी आणि फोनचं ठिकाण एवढं मिळतं. मेसेज दिसत नाहीत. पालक ही त्रुटी समजतात, मला ती योग्य मर्यादा वाटते. आयफोनवर हीच कामं 'स्क्रीन टाइम' करतं. त्याचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवायचा. त्यातलं 'कम्युनिकेशन सेफ्टी' चालू ठेवावं. नग्न फोटो आला किंवा पाठवायला घेतला तर ते फोटो धूसर करून मुलाला सावध करतं, आणि ही तपासणी फोनच्या आतच होते.

इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही किशोरांसाठी वेगळी खाती सुरू केली. खातं मुळातच खासगी असतं, मेसेज फक्त ओळखीच्या खात्यांकडून येतात, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद असतात, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला यातलं काही सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. पालकाने देखरेख जोडली तर गेल्या सात दिवसांत मूल कोणाकोणाशी बोललं ती नावं दिसतात, काय बोललं ते दिसत नाही. स्नॅपचॅटच्या 'फॅमिली सेंटर'मध्येही हीच विभागणी आहे. नावांच्या यादीत अनोळखी कोणी दिसलं तर 'हा कोण रे?' एवढं विचारायला ती पुरते. व्हॉट्सॲपमध्ये 'प्रायव्हसी'त जाऊन 'ग्रुप्स' आणि 'प्रोफाइल फोटो' हे दोन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स' करून द्यावेत, म्हणजे कोणीही अनोळखी माणूस थेट ग्रुपमध्ये ओढू शकत नाही.

हे सगळं लावल्यावरही पळवाटा राहतात. इन्स्टाग्राम ॲपवर एका तासाची मर्यादा घातली तरी तेच क्रोममधून उघडता येतं. शाओमीच्या बऱ्याच फोनांत 'ड्युअल ॲप्स' आणि 'सेकंड स्पेस' असतं, सॅमसंगमध्ये 'सिक्युअर फोल्डर', म्हणजे एकाच फोनमध्ये दुसरं व्हॉट्सॲप किंवा जवळजवळ दुसरा फोनच. जुना, सिम नसलेला फोन कपाटात पडून असतो, तो वायफायवर सगळं करतो. प्रत्येक भोक बुजवत बसायचं नाही. बुजत नाही, आणि त्या पाठशिवणीत मूल जिंकतं. पळवाट सापडली तर ती कशासाठी लागली हे विचारायचं. बऱ्याच वेळा उत्तर साधं असतं: ठरवलेली मर्यादा फार कमी होती, किंवा क्लासचे व्हिडिओही त्याच वेळेत मोजले जात होते. क्लासचं ॲप 'नेहमी चालू' यादीत टाकलं की अर्धी भांडणं संपतात.

एकूण किती तास, या आकड्यावर पालक फार अडतात. त्यापेक्षा 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये दिवसातून फोन किती वेळा उघडला आणि कोणत्या ॲपच्या किती सूचना आल्या, हे दोन आकडे मुलासोबत बघा. सलग दोन तास पाहिलेला क्रिकेटचा सामना आणि अभ्यासाच्या दोन तासांत चाळीस वेळा उघडलेला फोन यांत दुसरा जास्त नुकसान करतो. तिथूनच एकेका ॲपच्या सूचना बंद करता येतात. कॉल आणि घरच्यांचे मेसेज सोडून बाकी सूचना बंद, हा एक बदल पुष्कळ वेळमर्यादांपेक्षा जास्त काम करतो.

रात्रीच्या नियमाबाबत मात्र तडजोड करू नये. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि सकाळी सहाचा क्लास असेल तर दहानंतर फोन हातात असण्यात काही अर्थ नाही. वर सांगितलेले व्हिडिओ कॉल रात्रीच येतात. घरातले सगळे फोन साडेनऊ-दहाला हॉलमध्ये एकाच जागी चार्जिंगला लागावेत. सगळे, म्हणजे बाबांचाही. 'गजर लावायला फोन लागतो' हे कारण ठरलेलं असतं; गजराचं घड्याळ दोन-तीनशे रुपयांत येतं.

पैशांचं कुलूप लगेच लावून टाका. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग चालू ठेवा, यूपीआयचा पिन मुलाच्या देखत टाकू नका, आणि महिन्यातून एकदा यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे' यादीवर नजर टाका. फुकट चाचणी म्हणून सुरू झालेली वर्गणी तिथे सापडते.

स्वतंत्र फोनबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही की असंख्य घरांत मुलांना आईचाच फोन मिळतो. तिथे खासगीपण दोघांचंही जातं. आईच्या मैत्रिणीचे मेसेज मुलगा वाचतो, मुलाला आलेला मेसेज बाबा वाचतात. ज्या अँड्रॉइड फोनांत 'मल्टिपल युजर्स'ची सोय आहे तिथे मुलाचं वेगळं खातं त्याच फोनमध्ये करता येतं. ती नसेल तर निदान 'ॲप लॉक'ने बँक, यूपीआय आणि आईचं व्हॉट्सॲप बंद ठेवावं, आणि थोड्या वेळासाठी एखादंच ॲप देताना 'स्क्रीन पिनिंग' वापरावं, म्हणजे त्या ॲपबाहेर जाता येत नाही.

मुलींच्या बाबतीत आपली घरं जास्त कडक होतात, आणि तिथेच जास्त नुकसान होतं. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाच्या 'असर २०२३' या शिक्षणविषयक पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होतं. त्यातही भावाचा फोन कोणी बघत नाही आणि बहिणीचा रोज तपासला जातो. त्रास देणारा मुलगा तिला मेसेज करतो तेव्हा तिच्यापुढे हिशेब असा असतो: सांगितलं तर फोन जाईल, मग क्लास बंद होईल, कॉलेज लांबचं नको असं ठरेल, स्थळं बघायला सुरुवात होईल. एवढी किंमत असेल तर कोणती मुलगी सांगेल? ती गप्प बसते आणि त्रास देणारा सोकावतो. नियम करायचे तर भाऊ-बहिणीला एकच करावेत, वयात फरक असेल तर वयाप्रमाणे.

ठरलेले नियम कागदावर असावेत. अर्धं पान पुरे. एका बाजूला मुलाने पाळायचं, दुसऱ्या बाजूला पालकांनी पाळायचं. पालकांच्या बाजूचं पहिलं कलम असं असावं: 'घरी येऊन खरं सांगितलं, तर त्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही, मग चूक कोणाचीही असो.' दुसरं: 'तुला न सांगता तुझे मेसेज वाचणार नाही.' तिसरं: 'तुझ्या फोनमधलं काही नातेवाइकांना सांगणार नाही, तुझा फोटो तुला न विचारता टाकणार नाही.' मुलाच्या बाजूला: पासवर्ड एका बंद लिफाफ्यात घरात राहील, अनोळखी माणसाला एकट्याने भेटायला जाणार नाही, रात्रीची वेळ पाळणार. नियम मोडल्यास काय, हेही आधीच लिहावं आणि ते लहान असावं, उदाहरणार्थ तीन दिवस त्या ॲपला वीस मिनिटं. महिनाभर फोन जप्त करणं ही शिक्षा मोठी दिसते, पण त्यातून मूल पुढच्या वेळी लपवायलाच शिकतं. लिफाफ्याबद्दल पालक विचारतात की तो आपण फोडणार नाही हे मुलाला कसं पटेल. चिकटवलेल्या कडेवर त्याने सही करावी. सही फाटल्याशिवाय लिफाफा उघडत नाही.

हा कागद कायमचा नाही. दरवर्षी शाळा सुरू होताना त्यातली काही कलमं गळायला हवीत. आठवीत ॲपची परवानगी, ठिकाण, वेळ, पैसा, सगळं. दहावीपर्यंत नवीन ॲपची परवानगी निघावी आणि नुसतं सांगणं उरावं. बारावीत रात्र आणि पैसा एवढंच. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत मुलांच्या खासगीपणाचा हक्क सोळाव्या कलमात आहे, आणि पालकांनी मुलाच्या वाढत्या समजेनुसार मार्गदर्शन करावं असं पाचवं कलम म्हणतं. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. हा हक्क अठराव्या वाढदिवसाला अचानक जन्माला येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला कंपन्यांना मनाई केली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पालकांना हा कायदा अडवत नाही. पण मूल अठराचं झाल्यावर चालू राहिलेलं लपवलेलं ॲप ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या प्रौढ माणसाच्या फोनमधून त्याच्या परवानगीशिवाय माहिती काढणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली येऊ शकतं, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बारावीची बरीच मुलं परीक्षेच्या आसपासच अठराची होतात.

आता लिफाफा कधी उघडायचा. मुलाने स्वतःला इजा करण्याबद्दल लिहिलं-बोललं असेल, कोणी मोठा माणूस त्याला एकट्याने भेटायला बोलावत असेल, पैशांची किंवा फोटोंची धमकी असेल, किंवा मूल घरी आलेलंच नसेल, तर उघडावा. मूल समोर असेल तर आधी सांगावं: 'मला भीती वाटतेय, आपण दोघं मिळून बघू.' एकाच पालकाने बघावं, ज्या संभाषणाचा प्रश्न आहे तेवढंच बघावं. मूल सांगण्याच्या अवस्थेत नसेल तर आधी त्याला सांभाळावं, आणि काय बघितलं ते नंतर त्याला सांगावं. मनाच्या घालमेलीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

फोटो-व्हिडिओची धमकी असेल तर पैसे देऊ नका आणि रागाच्या भरात खातं किंवा चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा असतो. धमकीचे मेसेज, समोरच्या खात्याचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या. नुसतं दिसणारं नाव पुरत नाही, ते क्षणात बदलता येतं. पैसे गेले असतील तर यूपीआयच्या पावतीवरचा बारा आकडी यूटीआर (व्यवहार) क्रमांक घेऊन ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येते ती पहिल्या काही तासांतच. मग ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते, आणि मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. अठरा वर्षांखाली काढलेल्या फोटोंसाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. त्याचा एक सांकेतिक ठसा आपल्याच फोनमध्ये तयार होतो आणि सहभागी मंच त्यावरून तो फोटो ओळखून हटवतात.

इथे पालकांकडून एक गंभीर चूक होते. मुलीचा तसा फोटो 'पुरावा' म्हणून काकांना, ओळखीच्या वकिलाला, शाळेच्या सरांना फॉरवर्ड केला जातो. अल्पवयीन मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, आणि हेतू चांगला असला तरी तो फोटो आणखी चार फोनांत गेलेला असतो. फोन तसाच पोलिसांना दाखवावा. पोलीस ठाण्याच्या धास्तीने बरीच घरं मागे सरतात, त्यांनी हे जाणून ठेवावं: मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय नोंदवायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात बसवून ठेवता येत नाही, आणि नाव जाहीर करता येत नाही.

घराबाहेरच्या जबाबदारीबद्दलही बोलायला हवं. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या दोन गावांनी दोन वेगळे मार्ग धरले. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून साडेआठपर्यंत सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं, मोठ्यांचेही. मला दुसरा मार्ग पटतो. नियम सगळ्यांना एकच असला की त्यात पाळत उरत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली, आणि तीत दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. ही विभागणी आपल्याकडेही हवी. पण 'असर २०२४'मध्ये समाजमाध्यमं वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी खातं ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येणारी ६२ टक्के आणि प्रोफाइल खासगी करता येणारी ५५.२ टक्केच होती. हे शिकवायला संगणकाच्या दोन तासिका पुरतात.

शाळा आणि क्लासेसनी स्वतःच्या सवयीही बदलाव्यात. रात्री दहाला ग्रुपवर गृहपाठ टाकायचा आणि पालकांना 'मुलांचा मोबाइल कमी करा' असं सांगायचं, हे एकत्र जमत नाही. गृहपाठ संध्याकाळी सहाच्या आत यावा, शाळेच्या वहीत लिहून दिलेला असेल तर आणखी चांगलं. वर्गाच्या ग्रुपमध्ये मेसेज फक्त ॲडमिनला टाकता यावेत आणि मुलींचे नंबर साठ अनोळखी पालकांना दिसतील असे ग्रुप करूच नयेत. त्यासाठी व्हॉट्सॲपच्या 'कम्युनिटी'तला घोषणांचा ग्रुप आहे, त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत या दोन गोष्टी लेखी मागाव्यात आणि मुख्याध्यापकांची त्यावर सही घ्यावी.